सायलेन्सर गेला, मंगळसूत्र शाबूत आहे



आई, आधी तू वाच आणि मग बाबांच्या हातात दे. आमच्या घरात चोर शिरले नव्हते. कुणाच्या केसालाही धक्का लागलेला नाही. माझं मंगळसूत्र डब्यात आहे आणि डबा कुठे आहे ते तुला माहीत आहे. चोरी झाली ती बिल्डिंगखाली उभ्या असलेल्या गाडीची, तीही अख्ख्या गाडीची नाही, तिच्या पोटाखालच्या एका डब्याची. ईशूने फोनवर तुला "आजी, रात्री चोर आला होता" एवढंच सांगितलं आणि कार्टून बघायला पळाली. मग तू सुमनमावशीला, मावशीने जेऊरच्या काकांना, आणि काकांनी नेप्तीच्या बाजारात कांद्याच्या लिलावाला उभ्या असलेल्या निम्म्या तालुक्याला. काल मला श्रीरामपूरच्या नणंदेचा मेसेज आला, "वहिनी, दागिने किती तोळे गेले?" दागिने गेले असते तर एवढी चौकशी परवडली असती.

झालं असं. आपली प्रियस २००८ची. अजयने सकाळी बटण दाबलं. ही गाडी आधी बॅटरीवर असते, त्यामुळे काहीच ऐकू आलं नाही. काही सेकंदांनी इंजिन आपोआप सुरू झालं आणि अख्खी बिल्डिंग जागी झाली. शेजारच्या चिनी आजोबांचा कुत्रा सोफ्याखाली जाऊन बसला, वरच्या मजल्यावर कुणीतरी देवाचं नाव घेतलं, आणि ईशू गॅलरीतून ओरडली, "बाबाने पिंट्यामामाची बुलेट आणली!" बाबा, तुम्हाला यातली खरी गंमत कळेल. या गाडीचं इंजिन सकाळी आपणहून सुरू होतं ते बरंचसं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवायला. तो गार असला की धूर नीट साफ करत नाही. म्हणजे बिचारी गाडी जे तापवायला धडपडत होती, ते रात्रीच करवतीने कापून नेलेलं होतं. जाताना ऑक्सिजन सेन्सरची वायरही तोडून नेली.

आई विचारणार, लोखंडाचा गंजका डबा चोरून कुणाची चूल पेटते? आई, तो नुसता लोखंडाचा नाही. आत चिनीमातीची बारीक जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियमचा पातळ मुलामा. त्या तिघांच्या अंगावरून जाताना विषारी धूर निवळतो. २०२१ साली रोडियमचा भाव सोन्याच्या दहापटीच्याही वर गेला होता. तेव्हापासून इथल्या चोरांना सराफ बाजारात जायची गरज उरलेली नाही. बॅटरीवरची करवत, एक जॅक आणि दोन-चार मिनिटं. त्यातही जुनी प्रियस त्यांची लाडकी. तिचं इंजिन निम्मा वेळ बंदच असतं, त्यामुळे आतला माल कमी झिजलेला असतो म्हणे. २०२३पासून कॅलिफोर्नियात असा डबा परवानाधारकाकडून किंवा गाडीच्या मालकाकडूनच विकत घेता येतो, असा कायदाही आहे. तो कायदा आमच्या चोराने वाचलेला दिसत नाही.

थांबा, कुकरची तिसरी शिट्टी झाली.

हां. आता बाबांसाठी. बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात, "एवढं काय त्यात? एमआयडीसीतला आपला वेल्डिंगवाला ८०० रुपयांत सरळ पाइप जोडून देतो. जावयाला सांग, असा कुणीतरी शोध." हे कोण बोलतंय? ज्या माणसाने वाहननगरच्या व्हीआरडीईत, म्हणजे गाड्या तपासणाऱ्या संस्थेत, उभी हयात नोकरी केली, दुसऱ्यांच्या गाड्या मोजून-मापून बघितल्या, केंद्रीय मोटार वाहन नियम १२६मध्ये ज्या संस्थेचं नाव आहे तिच्या कँटीनचा चहा प्यायला, तो माणूस! आम्हाला लहानपणी जेवताना "टाइप अप्रूव्हल" म्हणजे काय ते समजावून सांगायचात. आई म्हणायची, आधी भाजी अप्रूव्ह करा. आणि घरच्या फियाटचा सायलेन्सर मात्र मोहट्याला जाताना करंजी घाटात पडला, तेव्हा शेताच्या कुंपणाची तार काढून बांधलात, आणि तीच तार गाडी विकेपर्यंत राहिली. घेणाऱ्यालाही तुम्ही तिचे गुण सांगितले होतेत. 

तर इथे सरळ पाइप चालत नाही. दर दोन वर्षांनी स्मॉग चेक असतो. २००८च्या गाडीला नुसती वायर लावून कॉम्प्युटर वाचतात असं नाही, माणूस आरसा आणि टॉर्च घेऊन गाडीखाली बघतो. आणि तो तिथे काय बघतो? धूर नाही. नंबर! कॅलिफोर्नियाच्या एअर रिसोर्सेस बोर्डाने मंजूर केलेल्या प्रत्येक कन्व्हर्टरच्या अंगावर 'डी'ने सुरू होणारा मंजुरीचा क्रमांक, पार्टचा क्रमांक आणि कधी बनला ती तारीख कोरलेली असते. तो क्रमांक तुमच्या गाडीला लागू असलेल्या यादीत हवा. शिवाय बॉनेटखालच्या स्टिकरवर इंजिनाचं गोत्र छापलेलं असतं, तेही जुळायला हवं. आई, ताईच्या लग्नात तू जितक्या पत्रिका परत पाठवल्यास त्यापेक्षा जास्त कन्व्हर्टर अजयने या आठवड्यात नाकारले.

आता भाव ऐका, पण रुपयांत गुणू नका. गुणलंत तरी मला सांगू नका. शोरूमवाल्याने ओरिजिनलचे २,९०० डॉलर सांगितले. विक्रीकर वेगळा, तो इथे नऊ टक्क्यांच्या वर आहे. मजुरी त्याहून वेगळी. अजयने विचारलं, यात गाडी पण येते का? काउंटरवरची मुलगी हसली नाही. तिने हा विनोद आधी ऐकलेला असावा. आमच्या गाडीची बाजारातली किंमत त्याच्या दीडपट असेल-नसेल. बाहेरच्या कंपनीचा, पण नंबरवाला, १,३५०ला. आणि तोच आकार, तेच नळ, त्याच फ्लँजचा बिननंबरी माल ३२० डॉलरला! फक्त तो कॅलिफोर्नियात विकता येत नाही. ऑनलाइन टोपलीत टाकला, पत्ता भरला की लाल अक्षरांत येतं, या राज्यात पाठवत नाही. इथून चारेक तासांवर नेवाडातलं रेनो आहे. तिथे तो बसवलेली गाडी खुशाल फिरते. सीमेच्या अलीकडे आली की तिथली साफ हवा इथे घाण ठरते.

या नियमावर मी अजयशी भांडले, जणू तो नियम त्याने केला. देश एक, गाडी तीच, रस्ता तोच, मग हजार डॉलर कशाचे? नंबर कोरायचे? तेवढ्यात कोरायचा पंचच विकत मिळतो! मग अजयने मला समोर बसवून समजावलं (तो असा वागतो तेव्हा तुमचा जावई वाटत नाही, थेट तुमचाच मुलगा वाटतो). बिननंबरी डब्याची धूर साफ करायची हमी २५,००० मैलांची. नंबरवाल्याची ५ वर्षं किंवा ५०,००० मैल. आत किमती धातू जास्त घालावा लागतो, म्हणून किंमत जास्त. आणि कॅलिफोर्नियाला वेगळा कायदा करायची मुभा का, तर दिल्लीच्या आधी, म्हणजे इथल्या वॉशिंग्टनच्या आधी, लॉस एंजेलिसच्या धुक्याने डोळे चुरचुरल्यामुळे यांनी धुराचे नियम केले होते. म्हणून मी गप्प बसले. पण बाबा, पटलेलं नाही. ज्याच्याकडे १७ वर्षांची गाडी आहे त्याच्याकडे १,३५० डॉलर नसतात, म्हणूनच त्याच्याकडे १७ वर्षांची गाडी असते. हे बोर्डाच्या कुणाला सुचू नये?

भंगारातून जुना डबा आणायची तुमची दुसरी सूचनाही बाद. वापरलेला कन्व्हर्टर इथे विकायला आणि बसवायला बंदी आहे. तिसरी सूचना मी अजयला सांगितलीच नाही.

आता पार्सल. कुलकर्णीकाकूंनी बॅगेतून आणलेलं सगळं पोचलं. काळा मसाला, हुलग्याचं पीठ, कुरडया, आकाशकंदील. कुरडया निम्म्या चुरा झाल्यात, पण चुराही कुरडयांचाच आहे. आणि बाबा, कुरडयांच्या खाली तुम्ही घातलेला सायलेन्सरचा यू-क्लॅम्प! काकूंची बॅग एअरपोर्टवर उघडली. ऑफिसरने क्लॅम्प वर धरून विचारलं, हे काय? काकूंनी इंग्रजीत सांगितलं, "नॉट माय. हर फादर." त्यांना इतका राग आलाय की त्या पुढच्या खेपेला पापडसुद्धा आणणार नाहीत म्हणतात. क्लॅम्प दोन इंची आहे, आमचा पाइप त्याहून बारीक.

क्लॅम्प ज्यात गुंडाळला होता तो पेपर मात्र मी टाकला नाही. ओट्यावर पसरून हाताने सपाट केला आणि उभ्याउभ्या वाचून काढला. नेप्तीचे कांद्याचे भाव, दिल्ली गेटच्या क्लासची जाहिरात, कुणाच्या तरी दशक्रियेची चौकट, आणि कोपऱ्यात, 'सावेडीत उद्या पाणीपुरवठा बंद'. मला एकदम वाटलं, आईने पिंप भरून ठेवलं असेल ना? तो 'उद्या' तीन आठवड्यांपूर्वीच होऊन गेलेला, तरी मी नळ सोडून भांडं लावलं. अजयने विचारलं काय करतेस, तर म्हटलं तांदूळ धुतेय. त्या दिवशी शेंगोळी केली. ईशूने दोनदा घेतली आणि मग म्हणाली, आजीची जास्त तिखट असते. बरोबर आहे. इथला लसूण दिसायलाच मोठा.

गाडीचं शेवटी ठरलं ते सांगते, म्हणजे तुमच्या रात्रीच्या फोनमधला अर्धा तास वाचेल. कन्व्हर्टर नंबरवालाच, १,३५०चा. त्यात घासाघीस नाही. पण कन्व्हर्टरच्या मागचा पाइप आणि मागचा डबाही बदलायचा होता, आणि त्यांना मंजुरीचा नंबर लागत नाही, आवाज ९५ डेसिबलच्या आत हवा एवढंच. तिथे आम्ही हात आखडला. कोपऱ्यावरच्या मेक्सिकन मेकॅनिकने दोन डबे समोर ठेवले, एक स्टेनलेस स्टीलचा, एक ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या साध्या पोलादाचा. स्टेनलेस जवळजवळ दुप्पट. बर्फाच्या गावात रस्त्यावर मीठ टाकतात, तिथे साधा डबा गंजून गळतो, म्हणून तिथे स्टेनलेस घ्यावा. सॅन होजेत बर्फही नाही आणि मीठही नाही. मेकॅनिकने गाडीकडे बघितलं, मग अजयकडे, आणि म्हणाला, हा डबा तुमच्या गाडीपेक्षा जास्त जगेल. साधा घेतला. तुमचा क्लॅम्पही त्याला दाखवला. त्याने हातात वजन करून बघितला आणि म्हणाला, हा भारी आहे, असा इथे मिळत नाही. लोखंडाचा जाड, आपल्याकडच्यासारखा. त्याने तो त्याच्या खिळ्याला अडकवून ठेवलाय. म्हणजे नगरचा माल कॅलिफोर्नियात मंजूर झाला, बिननंबरी.

शिवाय कन्व्हर्टरच्या खाली लोखंडी पत्र्याचं कवच बसवून घेतलं आणि गाडीचा नंबर डब्यावर कोरून घेतला. चोराला करवत चालवायला जास्त वेळ लागला की तो शेजारच्या गाडीकडे जातो. हे ऐकून आई म्हणेल, शेजाऱ्यांचं काय? त्यांनीही कवच बसवलंय. आता अख्ख्या बिल्डिंगच्या गाड्या चिलखत घालून उभ्या असतात.

वॉशिंग मशीन थांबलं, म्हणून राहिलेल्या उत्तरांवर पटकन येते.

पिंट्याचं ऐकून हसावं की रडावं कळेना. बुलेटला फटाका सायलेन्सर लावायला कुणी सांगितलं होतं? पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवला, त्यात त्याचाही होता, हे त्याने स्टेटसला अभिमानाने टाकलंय. इथे त्याच्या बहिणीचा सायलेन्सर चोर नेतो, तिथे त्याचा पोलीस नेतात. सुमनमावशी म्हणते घराण्याला काहीतरी लागलंय, शिंगणापूरला जाऊन या. जा, पण पिंट्याच्या बुलेटवरून नको. त्याला म्हणावं, कंपनीचा मूळ सायलेन्सर लाव आणि पावती जपून ठेव.

मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतरच करा, आधी केलं तर फराळ कोण करणार हा तिचा प्रश्न रास्त आहे. जेऊरच्या बांधाच्या भांडणात बाबांनी पडू नये. काकांना कांद्याला काय भाव लागला ते कळव, पेपरातला फार जुना होता. ताईच्या सासूबाईंना निरोप दे की मी आकाशकंदील लावलाय, फोटो पाठवते, त्या विसरल्या असं म्हणू नयेत. गुलमोहर रोडवरचा तो वडेवाला बंद झाला हे खरं का? खरं असेल तर ईशूला सांगू नका.

डिसेंबरात येतोय. तिकिटं काढली, मुंबईला पहाटे उतरतो. घ्यायला गाडी कुणाची पाठवणार ते आधी कळवा. बाबा, तुमची मारुती नको. तिच्या सायलेन्सरला तार बांधलेली आहे, हे मला पिंट्याने सांगितलंय.

तुमची,
छोटी