नक्कल ठेवा, अस्सल पाठवा

१८६७ साली पॅरिसच्या महाप्रदर्शनाच्या निमित्तानं युरोपातल्या राजघराण्यांतल्या पंधरा राजपुत्रांनी एका करारावर सह्या केल्या. करार ना लढाईचा होता ना सोयरिकीचा, त्यामुळे शाळेच्या इतिहासात तो कुणी शिकवत नाही. जगातल्या नामांकित शिल्पांचे आणि वास्तूंचे साचे काढावेत, त्यावरून प्लास्टरच्या नकला कराव्यात आणि त्या एकमेकांच्या संग्रहालयांना द्याव्यात, म्हणजे मूळ वस्तूला धक्का न लागता गावोगावच्या सामान्य माणसाला जगाची कला पाहता येईल, असं त्यात ठरलं. यामागचं डोकं हेन्री कोल यांचं. ते साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाचे, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टचे, सर्वेसर्वा. १८७३ साली त्यांच्या संग्रहालयात नकलांची खास दालनं उघडली आणि ती आजही गर्दी खेचतात. रोमचा ट्रेजनचा स्तंभ छताखाली मावेना, म्हणून त्याचे दोन तुकडे करून शेजारीशेजारी उभे केलेत. मायकेलअँजेलोचा डेव्हिडही आहे. राजघराण्यातल्या स्त्रिया भेटीला आल्या की त्याच्या कमरेखाली अडकवायचं प्लास्टरचं पान तिथं अजून जपून ठेवलंय. पान चांगलं अर्ध्या मीटरचं आहे. मर्यादेच्या बाबतीत काटकसर केलेली दिसत नाही. तर मुद्दा असा, की लोकशिक्षणासाठी नक्कल पुरते, हे आपण म्हणत नाही, खुद्द युरोपच्या राजपुत्रांनी सहीनिशी लिहून दिलंय. हा कागद त्यांनी पुन्हा एकदा वाचावा आणि त्याप्रमाणे वागावं. नकला लंडनला ठेवाव्यात, अस्सल माल ज्याच्या त्याच्या घरी पाठवावा.

आता कुणी म्हणेल, त्या काळी नकलाच का केल्या? कलेवरच्या प्रेमापोटी, हे उत्तर अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं उत्तर वजनात आहे. अजिंठ्याच्या भिंती उचलून नेणं अवघड, म्हणून तिथली चित्रं कॅनव्हासवर उतरवून घेतली. आधी रॉबर्ट गिल यांनी, मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी; पेस्तनजी बोमनजींसारखे त्यांचे विद्यार्थी गुहेतल्या अंधारात वर्षानुवर्षं राबले. सांचीच्या तोरणाचंही तेच. भोपाळच्या बेगमसाहेबांनी तोरण देऊ केलं होतं, सरकारनं ते जागेवरच राहू द्यायचं ठरवलं आणि हेन्री कोल यांच्याच चिरंजीवांनी पूर्वेकडच्या तोरणाचा साचा काढून नेला. इथवर सगळं कराराबरहुकूम. पण अमरावतीच्या स्तूपाचे शिलापट सुटे होते, बोटीत चढत होते. त्यांच्या नकला करण्याचं कुणाच्या मनातही आलं नाही. १८५९ साली ते मद्रासहून थेट लंडनला रवाना झाले. घारापुरीचा दगडी हत्तीही असाच निघाला होता. १८६४ साली त्याला उचलताना क्रेनच मोडली, हत्ती खाली पडून फुटला आणि म्हणून आज तो भायखळ्याला, जिजामाता उद्यानात, भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर सांधलेल्या अवस्थेत उभा आहे. पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून बेटाला नाव दिलं, तो हत्ती मुंबईत राहिला तो कुठल्या वारसा समितीमुळे नव्हे. त्या क्रेनचा एखादा पुतळा उद्यानात बसवायला हरकत नाही. थोडक्यात, जे उचललं गेलं त्याला ‘अस्सलच हवं’ हे तत्त्व लागू झालं आणि जे उचललं गेलं नाही त्याला ‘नक्कल पुरते’ हे.

यावर पहिला आक्षेप रसिकांचा. अस्सल वस्तूसमोर उभं राहिल्यावर जे वाटतं ते प्लास्टरसमोर वाटत नाही, म्हणे. जरूर वाटत नसेल. पण मग ब्रिटिश म्युझियममधला टाउनलीचा थाळीफेक्या पाहा. मूळ ग्रीक शिल्प ब्राँझचं, ते केव्हाच नाहीसं झालं. हे रोमन काळातलं संगमरवरी नक्कलकाम, हेड्रियन बादशहाच्या वाड्यात १७९१ साली सापडलेलं, आणि वर बसवलेलं डोकंही दुसऱ्याच दिशेला बघणारं. म्हणजे नक्कल, तीही चुकीच्या मुंडक्याची. तरी तिच्यासमोर ग्रीक प्रतिभेवर व्याख्यानं झडतात. त्याच इमारतीत रोझेटा शिळा काचेआड आहे. भोवती चार-पाच रांगांची गर्दी असते आणि मागच्याला पुढच्याचा मोबाइल तेवढा दिसतो. काही पावलांवरच्या दुसऱ्या दालनात त्याच शिळेची प्रतिकृती मोकळी ठेवलीय, तिच्या अक्षरांवरून बोट फिरवता येतं. शिकायचंच असेल तर दोहोंपैकी कुठं जास्त शिकता येईल, हे शाळकरी पोरही सांगेल. आणि रसिकतेचा दाखला हवाच असेल तर सातारा लांब नाही. २०२४ साली व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधली वाघनखं तिथं आली, तीही तीन वर्षांच्या उसनवारीवर. ही शिवाजी महाराजांचीच वाघनखं आहेत याची खात्री देता येत नाही, हे लंडनकरांनी स्वतःच सांगितलं होतं. लोकांनी तरी श्रद्धेनं दर्शन घेतलं. जगभरचा प्रेक्षक काचेच्या पेटीसमोर असाच उभा राहतो. मग एवढी भाबडी श्रद्धा ब्रिटिश प्रेक्षकाकडे नसेल असं समजून त्याचा अपमान का करावा?

दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो जरा मानभावीपणे घेतला जातो: तुमच्याकडे राहिल्या असत्या तर या वस्तू टिकल्या असत्या का? आपल्या किल्ल्यांवर बाण मारलेली बदामं आणि त्यात कोरलेली नावं पाहिली की क्षणभर आपली मान खाली जाते, हे कबूल. पण शेजाऱ्याच्या घरात पसारा आहे म्हणून त्याचं कपाट आपल्या दिवाणखान्यात आणून ठेवलं तर त्याला कोणी जतन म्हणत नाही. शिवाय दिवाणखान्याची हालहवालही एकदा पाहावी. अमरावतीचे शिलापट लंडनला पोचल्यावर फाइफ हाउसच्या आवारात पडून होते. वास्तुइतिहासकार जेम्स फर्ग्युसन यांना ते चक्क घोडागाड्यांच्या कोठीत गवसले. गिल यांच्या अजिंठ्याच्या नकला क्रिस्टल पॅलेसच्या आगीत १८६६ साली गेल्या, ग्रिफिथ्स यांच्या बऱ्याचशा साउथ केन्सिंग्टनच्या आगीत १८८५ साली. मूळ चित्रं, बिचारी असुरक्षित, वाघूरकाठच्या त्याच भिंतींवर अजून आहेत. ब्रिटिश म्युझियममधल्या पार्थेनॉनच्या शिल्पांची तऱ्हा तर न्यारीच. देणगीदार ड्यूव्हीनसाहेबांना संगमरवर पांढराशुभ्र हवा होता, म्हणून १९३७-३८ साली ही शिल्पं तांब्याच्या हत्यारांनी आणि कार्बोरंडमनं घासून काढली. अडीच हजार वर्षांचा मधाळ रंग त्यांना मळ वाटला. आणि २०२३ साली कळलं, की याच म्युझियमच्या संग्रहातल्या दोनेक हजार वस्तू चोरीला गेल्यात, खराब झाल्यात किंवा बेपत्ता आहेत. संशय बाहेरच्या दरोडेखोरावर नव्हता, घरातल्याच माणसावर होता. संचालकांनी राजीनामा दिला. त्या वस्तूंपैकी कित्येकांची धड नोंदच नव्हती, तेव्हा काय गेलं हे कळायलाही वेळ लागला.

सगळं परत दिलं तर संग्रहालय ओस पडेल, ही भीती किरकोळ आहे. ब्रिटिश म्युझियमकडे ऐंशी लाखांच्या घरात वस्तू आहेत आणि दालनांत त्यांतल्या शंभरात एखादीच मांडलेली असते. तळघरात ज्यांनी कधी ऊन पाहिलं नाही, त्यांच्या जिवावर पुढची काही शतकं निघतील. जरा वजनदार युक्तिवाद आहे तो वैश्विक संग्रहालयाचा. २००२ साली युरोप-अमेरिकेतल्या बड्या संग्रहालयांनी जाहीरनामाच काढला, की इजिप्त, ग्रीस, भारत, चीन एका छपराखाली पाहिले तर संस्कृतींमधले धागेदोरे उमगतात, म्हणून ही संग्रहालयं एका देशाची नसून साऱ्या मानवजातीची आहेत. धागेदोऱ्यांचं म्हणणं खरंच आहे. अशी मांडणी पाहून डोळे उघडतात. मुंबईत २०१७-१८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानं ‘इंडिया अँड द वर्ल्ड’ भरवलं तेव्हा भारतातल्या आणि परदेशी वस्तू शेजारीशेजारी मांडून हेच केलं होतं. पण तिथं परदेशी वस्तू पाहुण्या म्हणून आल्या आणि मुदत संपताच परत गेल्या. वैश्विकतेला मालकी लागत नाही, हे मुंबईत तीन-चार महिन्यांत सिद्ध झालं. साऱ्या मानवजातीचं ते छप्पर नेमकं लंडनलाच का असावं आणि मानवजातीतल्या बऱ्याच जणांना तिथं फुकट शिरण्याआधी व्हिसाची फी का भरावी लागावी, याबद्दल जाहीरनाम्यात चकार शब्द नाही.

उरला कायदा. ब्रिटिश म्युझियमचे विश्वस्त हात वर करून सांगतात, की १९६३च्या कायद्यानं आमचे हात बांधलेत. कायदा वाचला तर एक गाठ सैल दिसते: एखादी वस्तू संग्रहातल्या दुसऱ्या वस्तूची डुप्लिकेट असेल, तर ती देऊन टाकता येते. मग अडलंय कुठं? २०२२ साली ऑक्सफर्डच्या एका संस्थेनं पार्थेनॉनच्या शिल्पांतलं घोड्याचं डोकं यंत्रमानवाकडून संगमरवरात हुबेहूब कोरून घेतलं. संग्रहालयानं मोजमाप घ्यायला नकार दिला होता, म्हणून मंडळी साध्या प्रेक्षकांसारखी आत गेली आणि मोबाइलवर स्कॅन करून आली. असे घोडे रीतसर करून घ्यावेत, संग्रहात दाखल करावेत, म्हणजे दालनातलं अस्सल आपोआप डुप्लिकेट ठरेल आणि अथेन्सला पाठवता येईल. तिथल्या अॅक्रोपोलिस संग्रहालयात लंडनच्या वस्तूंच्या जागी प्लास्टरच्या पांढऱ्या नकला लावल्यात. परतीच्या बोटीनं त्या लंडनला आणाव्यात, भाड्याचीही बचत. वकिलांना हा कावा वाटत असेल तर त्यांनी संग्रहालयाचंच जुनं दप्तर काढावं. १८९७ साली ब्रिटिश फौजेनं आजच्या नायजेरियातलं बेनिन लुटून आणलेल्या ब्राँझच्या पट्ट्यांपैकी काही ‘डुप्लिकेट’ ठरवून १९५० नंतर विकल्या गेल्या, आणि गिऱ्हाइकांत खुद्द नायजेरिया होता. वाट मळलेलीच आहे. या खेपेला बिल तेवढं सोबत पाठवू नये.