‘ठो’ कोण म्हणणार?

रिव्हॉल्व्हर चालवण्याचा माझा अनुभव दांडगा आहे. गोळी तेवढी कधी सुटली नाही.

आमच्याकडे दिवाळी झाली, धान कापून झाला, की वडशाच्या नाटक कंपन्या कामाला लागतात आणि पार होळीपर्यंत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात कुठे मंडई, कुठे शंकरपट आणि रात्री नाटक, असा धडाका चालतो. झाडीपट्टीचं नाटक म्हणजे दोन तासांत आटोपून घरी वरणभाताला हजर होण्याचा प्रकार नव्हे. ते रात्री दहाच्या पुढे सुरू होतं आणि कोंबड्याला विचारून संपतं. गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवर हयात घालवल्याबद्दल. मी तिथे एक रात्र घालवली. माझी निवड अभिनयावर झाली असा माझा समज होता. पण मूळ खलनायकाला कावीळ झाली होती आणि त्याचा कोट मला बसत होता.

रिव्हॉल्व्हर मात्र मीच आणणार, असं मी ठणकावून सांगितलं. कारण दिवाळीत फटाक्यांच्या दुकानात मला माझ्या लहानपणचं टिकल्यांचं रिव्हॉल्व्हर दिसलं होतं. तेच काळं अंग, तीच तपकिरी मूठ, लाल प्लास्टिकच्या आठ टिकल्यांची तीच रिंग. मधे कित्येक वर्षं ते बाजारातून गायब होतं; आता खोक्यावर ‘पुन्हा आले, तेच मॉडेल’ अशी चिठ्ठी. मी हरखलो. दुकानदार म्हणाला, भाऊ, एकदा वाजवून पाहा. मी म्हणालो, अहो, याला मी ओळखतो! सौभाग्यवतींनी घरी ते हातात घेतलं, चाप ओढून पाहिला, टेबलावर ठेवलं आणि हळदीचं तेल शोधायला लागल्या. त्यांचं बोट आखडलं होतं.

तिसऱ्या अंकाच्या शेवटी मला नायकाच्या थोरल्या भावाला गोळी घालायची होती. आरमोरीकडचं गाव, कडाक्याची थंडी, समोर शाली-घोंगड्या पांघरून बसलेलं अख्खं गाव, डोक्यावर लोंबणारा माइक. मी विकट हसलो (हे मला छान जमतं), रिव्हॉल्व्हर रोखलं आणि चाप ओढला. चाप हलेना. दोन्ही हातांनी ओढला तेव्हा घोडा उठला, पडला, आणि ‘टक्’ असा आवाज आला, जसा गॅसचा लायटर संपला की येतो. पुन्हा ओढला. आता रिंग फिरेना. घोडा पुन्हापुन्हा त्याच फुसक्या टिकलीवर पडत राहिला. वेळ भरून काढायला मी परत हसलो, संवाद परत म्हणालो, परत हसलो, विंगेतून प्रॉम्प्टर ‘ठो म्हणा हो कुणीतरी!’ असं ओरडला, ते माइकनं साऱ्या गावाला ऐकवलं, आणि थोरले भाऊ छाती पुढे काढून ताटकळत उभे. शेवटी त्या भल्या माणसानं काळीज धरलं, ‘घराण्याची अब्रू गेली’ म्हणाला आणि दुःखानं मेला.

चौथ्या अंकात इन्स्पेक्टर मला गोळी घालून खून केल्याबद्दल पकडायला आला, तेव्हा मागच्या रांगेतून एक म्हातारबा घोंगडी सावरत उभे राहिले. “साहेब, सोडा त्याले! याची गोली सुटलीच नाही. थो आपल्या मनानं मेला!”

गाव हसलं. इन्स्पेक्टरही हसला.

पहाटे परतताना नाकाबंदी लागली. गडचिरोलीच्या रस्त्यावर अंधारात पिशवीत रिव्हॉल्व्हर घेऊन जाणाऱ्यानं काय बोलावं हे कुठल्याच नाटकात लिहिलेलं नाही, त्यामुळे मी नुसतेच हात वर केले. जवानानं ते बॅटरीच्या उजेडात उलटसुलट पाहिलं, तोंड आकाशाकडे करून चाप ओढला. टक्. पुन्हा टक्. मग मला परत देत तो गंभीरपणे म्हणाला, “भाऊ, हे चालत नाही. मंग बाळगता कायले?”

शेजारचे काका भद्रावतीच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले. तिथे तोफगोळे बनतात, रिव्हॉल्व्हर नाही. पण काका ज्या विषयातलं काम केलेलं नाही त्यावर जास्त बोलतात. स्क्रू काढून त्यांनी मला आतली बोटभर पट्टी दाखवली. चाप ओढला की ही पट्टी चक्रीचा दात पुढे ढकलते आणि त्याच दमात घोडाही उठतो. खऱ्या डबल ॲक्शन रिव्हॉल्व्हरातही हेच. दोन्ही कामं एका बोटाची, म्हणून चाप जड. पट्टी किंचित आखूड पडली की चक्री फिरत नाही. “मनाला लावून घेऊ नकोस,” काका म्हणाले. अमेरिकेतलं कोल्ट पायथन १९५५ सालचं, मधे बंद पडलेलं. २०२० साली ते वाजतगाजत परत आलं, तेव्हा सुरुवातीच्या काही नगांबद्दल हीच ओरड झाली, की चाप ओढला तरी चक्री पुढे सरकत नाही. आपल्याकडे कानपूरच्या .३२ बोअरच्या रिव्हॉल्व्हरांचा चाप कडक, ही परवानेवाल्यांची जुनी कुरकुर. कानपूरचंच ‘निर्भीक’ २०१४ साली खास महिलांसाठी म्हणून आलं, टायटॅनियमचं, अर्धा किलोचं, किंमत सव्वा लाखाच्या घरात. सौभाग्यवतींनी सव्वा लाख ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं. माझं दीडशे रुपयांत भागलं होतं.

मला विचाराल तर जुनं नाव घेऊन परत आलेल्या वस्तूची परीक्षा गिऱ्हाईकाच्या बोटावरच होते. सगळ्यांचीच काही भर मंडईत होत नाही, एवढंच.

यंदा वडशाकडे आलात तर ते नाटक जरूर पाहा. मूळ खलनायकाची कावीळ बरी झाली आहे, कोट त्याला परत गेला आहे, आणि दिग्दर्शकानं तिसऱ्या अंकात त्याच्या हाती कुऱ्हाड दिली आहे.