बिनछपराचे मानकरी

शेवटचा चेंडू पडून मैदानावरचे दिवे मालवले गेले की ज्यांचा खरा हंगाम सुरू होतो, अशी एक जमात अमेरिकेतील फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, खाडीच्या दोन काठांवर वसलेल्या टॅम्पा आणि सेंट पीटर्सबर्ग या शहरांत, सुखाने नव्हे पण हिरिरीने नांदत आहे. टॅम्पा बे रेज या बेसबॉल संघाचे हे चाहते. मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत संघ १६२ सामने खेळतो, तेवढा काळ या जमातीतला माणूस कसाबसा कंठतो. कारण खेळ चालू असताना मताला फारसा वाव नसतो, जे घडायचे ते डोळ्यांदेखत घडून जाते, आणि धावफलक नावाची एक उद्धट वस्तू प्रत्येक युक्तिवादाचा तिथल्या तिथे निकाल लावून मोकळी होते. धावफलक एकदाचा बंद पडला, म्हणजे मग याच्या प्रतिभेला धुमारे फुटतात. पुढचे पाच महिने विषय दोनच: कोणता प्रशिक्षक राहणार नि कोणता जाणार, आणि संघ पुढल्या साली कोणत्या छपराखाली, किंबहुना छपराखाली की आभाळाखाली, खेळणार.

माझ्या भाच्याच्या टॅम्पातील घराशेजारी या जमातीचे एक अस्सल प्रतिनिधी राहतात. साठी उलटलेली, आयुष्य विम्याच्या व्यवसायात गेलेले, आता निवृत्त. अंगात सदैव एक जुना सदरा, ज्याच्या छातीवर इंद्रधनुषी रंगांत ‘डेव्हिल रेज’ ही अक्षरे अर्धवट उरली आहेत. संघाने २००८ साली नावातला ‘डेव्हिल’ गाळला आणि त्याच वर्षी प्रथमच वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेपर्यंत, मजल मारली, ही वस्तुस्थिती त्यांना ठाऊक आहे; परंतु नामांतराबाबत आपल्याला विचारले गेले नाही, सबब ते नामांतर नाजायज, ही त्यांची भूमिका आजतागायत कायम आहे. व्हरांड्यात पंख्याखाली वेताची खुर्ची, खुर्चीशेजारी तिपाई, तिपाईवर रबराच्या पट्ट्यांनी आवळलेला कागदांचा एक जाडजूड गठ्ठा. त्या गठ्ठ्याकडे आपण पुढे येऊच.

बेसबॉल संघाचा मैदानावरचा कारभार पाहणाऱ्याला मॅनेजर म्हणतात आणि त्याच्या हाताखाली पिचिंग कोच, हिटिंग कोच, बेंच कोच, बुलपेन कोच, पहिल्या बेसचा कोच, तिसऱ्या बेसचा कोच असे जवळजवळ अष्टप्रधानांचे मंडळ असते. सामान्य प्रेक्षकाला या मंडळींतील एखाददुसऱ्याचे नाव माहीत असते. आमच्या गृहस्थांना सर्वांची नावे, पूर्वीच्या नेमणुका, बढत्या आणि बडतर्फ्या तोंडपाठ आहेत. त्यांचा सिद्धांत असा की, फलंदाज चालले तर ते जात्याच गुणी. न चालले तर हिटिंग कोच नालायक. या न्यायाने डेरेक शेल्टन नावाच्या हिटिंग कोचविरुद्ध त्यांनी कित्येक वर्षे एकहाती मोहीम चालवली आणि सप्टेंबर २०१६ मध्ये संघाने त्याला खरोखरच निरोप दिला, तेव्हा त्या रात्री त्यांच्या घरी गोडधोड झाले, असे त्यांच्या पत्नी सांगतात. तीन वर्षांनी हाच शेल्टन पिट्सबर्गच्या संघाचा मॅनेजर झाला. त्यावर यांची प्रतिक्रिया काय असावी? ‘हिरा होता! आमच्या लोकांना पारख नाही!’ आणि हे म्हणताना चेहऱ्यावर संकोचाची एक रेषदेखील नव्हती.

जो गेला तो रत्न, जो राहिला तो दगड, हे या जमातीचे आद्य सूत्र होय, आणि रेजच्या व्यवस्थापनाने या सूत्राला खाद्य पुरवण्यात कधी कसूर केलेली नाही. संघ गरीब, पगारपत्रक नेहमी तळाच्या रांगेत. त्यामुळे माणसे इथे घडतात आणि अन्यत्र नांदतात. २०१८ च्या एकाच ऑक्टोबरात रोको बाल्डेली मिनेसोटाला आणि चार्ली मॉन्टोयो टोरोंटोला मॅनेजर होऊन गेले. २०२२ मध्ये बेंच कोच मॅट क्वात्रारो कॅन्सस सिटीला गेला. प्रत्येक वेळी यांनी आपल्या घरी चोरी झाल्यासारखा आकांत केला. पण या सर्व वियोगांचा शिरोमणी म्हणजे जो मॅडन. २०१४ च्या ऑक्टोबरात संघाचा मुख्य कारभारी अँड्र्यू फ्रीडमन लॉस एंजेलिसला गेला. तो गेल्यास आपणही करारातून मोकळे होऊ शकतो असे एक कलम मॅडनच्या करारनाम्यात दडलेले निघाले, आणि त्याच महिन्यात मॅडनही चालता झाला. शिकागोला जाऊन त्याने २०१६ साली कब्ज संघाला १०८ वर्षांनी विजेतेपद मिळवून दिले, हे तर यांच्या जखमेवर मीठच झाले. ‘आयुष्यभर करार वाचून खाल्लं,’ ते म्हणतात, ‘आणि तेवढं एक कलम मला कोणी दाखवलं नाही!’ जणू दाखवले असते तर यांनी त्यावर हरकत नोंदवली असती.

मॅडनच्या जागी केव्हिन कॅश आला. हा टॅम्पाचाच मुलगा, दशकाहून अधिक काळ त्याच खुर्चीवर आहे आणि २०२० व २०२१ अशी लागोपाठ दोन वर्षे आपल्या लीगमधला सर्वोत्तम मॅनेजर ठरला. मे २०१८ मध्ये त्याने एक अजब प्रकार सुरू केला: सामना शेवटाकडे आला की बोलावण्यात येणाऱ्या सर्जिओ रोमो या पिचरलाच त्याने पहिल्या डावात उतरवले आणि नेहमीच्या पिचरला मागून आणले. आमच्या गृहस्थांनी त्या दिवशी याला शुद्ध वेडेपणा ठरवले. पुढे इतर संघ तीच युक्ती उचलू लागले तेव्हा ‘आम्ही काढलेली पद्धत’ असा उल्लेख सुरू झाला. त्या ‘आम्ही’त ते स्वतः केव्हा सामील झाले याची कोठे नोंद नाही. परंतु कॅशच्या नावाने त्यांनी एक खटला कायमचा दाखल करून ठेवला आहे. २७ ऑक्टोबर २०२०, वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना, ब्लेक स्नेल अवघे ७३ चेंडू टाकून नऊ फलंदाजांना तीन स्ट्राइकवर बाद करून उभा, रेज एका धावेने पुढे. आणि तिथे कॅशने त्याला काढून घेतले. बदली पिचर आला, आघाडी गेली, सामना गेला, विजेतेपद लॉस एंजेलिसला गेले, म्हणजे पुन्हा त्याच फ्रीडमनकडे. या खटल्याची सुनावणी दर हिवाळ्यात नव्याने होते. कॅश चतुर आहे हे ते मान्य करतात, त्याला काढावे असे त्यांचे म्हणणे नाही. त्याने एकदा व्हरांड्यात येऊन जबानी द्यावी, एवढीच माफक अपेक्षा आहे.

आता स्टेडियम. ट्रॉपिकाना फील्ड ही वास्तू म्हणजे नवरामुलगा ठरण्याआधी घातलेला मांडव. संघ मिळेल या भरवशावर सेंट पीटर्सबर्गने ती बांधावयास घेतली. १९८८ साली शिकागोचा व्हाइट सॉक्स येता येता राहिला, १९९० साली घुमट बांधून तयार झाला, १९९२ साली सॅन फ्रान्सिस्कोचा जायंट्स येता येता राहिला, आणि स्वतःचा संघ १९९८ साली एकदाचा मैदानात उतरला. घुमटाचे छप्पर तिरपे. छपराखाली चार लोखंडी मार्गिकांची कडी टांगलेली, ज्यांवर आदळलेल्या चेंडूचे काय समजावे याचे नियमच वेगळे. आणि प्रेक्षकांत एक पाण्याचा हौद, ज्यातल्या जिवंत रे माशांना हात लावून पाहता येई. अमेरिकेतील क्रीडालेखकांनी या वास्तूची जेवढी निंदा केली तेवढी क्वचितच दुसऱ्या कोणाची केली असेल. आमचे गृहस्थही तिला ‘ते गोदाम’ म्हणत. परंतु ९ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री मिल्टन चक्रीवादळाने त्या गोदामाच्या छपराच्या चिंध्या केल्या, मदतपथकांसाठी मैदानावर मांडलेल्या खाटा उघड्या पडल्या (माणसे सुदैवाने आधीच हलवली होती), आणि दुसऱ्या दिवसापासून यांच्या तोंडी ‘आमचं ट्रॉप’ हा शब्द आला. छपराच्या दुरुस्तीचा अंदाज साडेपाच कोटी डॉलरांच्या घरात गेला तेव्हा, त्यातला एक डॉलरही स्वतःचा नसताना, हे दोन रात्री झोपले नाहीत.

तो तिपाईवरचा गठ्ठा म्हणजे आजवर जाहीर झालेल्या आणि बारगळलेल्या नव्या स्टेडियमांची रंगीत चित्रे. एका दुपारी, क्यूबन सँडविच खाता खाता (त्यात सलामी घालणे हा टॅम्पाचा शिरस्ता, मायामीला हे मान्य नाही), त्यांनी मला हा सारा इतिहास ताटातच मांडून दाखवला. सँडविचचा एक अर्धा म्हणजे टॅम्पा, दुसरा म्हणजे सेंट पीटर्सबर्ग, मध्ये आडवा ठेवलेला काटा म्हणजे हॉवर्ड फ्रँकलंड पूल, आणि सँडविचमधून ओढून काढलेली लोणच्याची चकती म्हणजे स्टेडियम. २००७ साली ही चकती सेंट पीटर्सबर्गच्या पाण्याकाठी, शिडासारख्या छपरासह, रद्द. २०१८ साली चकती पूल ओलांडून टॅम्पाच्या इबोर सिटीत, अंदाजे ८९ कोटी डॉलर. वर्ष संपायच्या आत रद्द. मग २०१९ साली निघाले की, अर्धे सामने इथे आणि अर्धे कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये! चकती ताटाबाहेर, मिठाच्या भांड्यापाशी गेली. दोन घरचा पाहुणा उपाशी, हे बेसबॉलच्या वरिष्ठांना कळायला जानेवारी २०२२ उजाडले. पुढे जुन्या घुमटालगतच १३० कोटी डॉलरांचे नवे स्टेडियम ठरले, जुलै २०२४ मध्ये शहराने आणि काउंटीने मंजुऱ्याही दिल्या. तीन महिन्यांत वादळ आले, कर्जरोख्यांवरचे मतदान लांबणीवर पडले, आणि मार्च २०२५ मध्ये मालक स्टुअर्ट स्टर्नबर्ग यांनी अंग काढून घेतले. एवढे सांगून होईतो चकती बोटांच्या फेऱ्यांनी पार मऊ पडली होती. गृहस्थांनी ती उचलून तोंडात टाकली.

त्याच जागेविषयी एक गोष्ट मात्र ते आवाज खाली आणून सांगतात. घुमट आणि त्याची वाहनतळे जिथे पसरली आहेत तिथे पूर्वी गॅस प्लांट या नावाची काळ्या लोकांची भरवस्ती होती. घरे, दुकाने, प्रार्थनामंदिरे उठवून ती जमीन मोकळी करण्यात आली, आणि बदल्यात ज्या रोजगाराची आश्वासने देण्यात आली ती कागदावर राहिली. संघाच्या नावाने घर-घर करणाऱ्या आम्हा सर्वांनी आधी ते घर मोजावे, असे ते म्हणाले, आणि मला त्यांच्याविषयी प्रथमच खराखुरा आदर वाटला. अर्थात तो फार काळ टिकू देण्याचा त्यांचा स्वभाव नाही.

कारण प्रश्न असा की, हे गृहस्थ सामन्याला जातात किती? संघाची गादी रिकाम्या खुर्च्यांमुळे डळमळते हे त्यांना मान्य आहे. पण त्या खुर्च्यांपैकी एक आपली, हे नाही. घुमट पुलापलीकडे, पुलावर संध्याकाळी वाहनांची गर्दी, सबब जाणे अशक्य. २८ सप्टेंबर २०११ च्या त्या ऐतिहासिक रात्री, रेज ७–० ने मागे असताना बरोबरी साधून बाराव्या डावात इव्हान लाँगोरियाच्या होम रनवर जिंकले, त्या रात्री आपण हजर होतो असे ते दरवर्षी सांगतात. त्यांच्या पत्नींनी लिंबाचे सरबत ठेवता ठेवता शांतपणे दुरुस्ती केली: ‘सातव्या डावानंतर गर्दी टाळायला म्हणून निघालो. तो होम रन आम्ही घरच्या फाटकाशी मोटारीत, रेडिओवर ऐकला.’

बरे, २०२५ चा अख्खा हंगाम छप्पर नसल्याने संघ टॅम्पात, यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, यँकीज संघाच्या सरावाच्या मैदानावर खेळला. आसने जेमतेम अकरा हजार, पूल ओलांडायचा नाही. तेव्हा तरी गेले असतील? छे! यँकीज हे तर हाडवैरी. ज्या मैदानाला त्यांच्या जुन्या मालकाचे, जॉर्ज स्टाइनब्रेनरचे, नाव आहे तिथे तिकीट काढून शिरणे म्हणजे शत्रूच्या दरबारात मुजरा करणे. शिवाय जूनचे ऊन. शिवाय रोजचा पाऊस. जेव्हा छप्पर होते तेव्हा छपरामुळे बेसबॉलची मजा जाते अशी यांची तक्रार होती, याची मी अदबीने आठवण करून दिली. त्यांनी ते ऐकले नाही.

सप्टेंबर २०२५ अखेर संघ विकला गेला. सुमारे १७० कोटी डॉलर मोजून नव्या मालकमंडळाचा प्रमुख झालेला पॅट्रिक झालुप्स्की याचा धंदा घरे बांधण्याचा. बेघर संघाला घरबांधणीवाला मालक मिळावा, या योगायोगाने साऱ्या जमातीला भरते आले. अपवाद आमच्या गृहस्थांचा. घुमटाला नवे छप्पर बसले, एप्रिल २०२६ मध्ये संघ तिथे परतणार असे ठरले, भाडेपट्टा २०२८ पर्यंत लांबला. म्हणजे तूर्त स्थैर्य. हा शब्द उच्चारताना त्यांच्या मुद्रेवर जी उदासी पसरली ती मी पाहिली आहे. त्यांचे सांत्वन करावे म्हणून मी म्हटले, ‘समजा, नव्या मालकांनी इथे टॅम्पातच, तुमच्यापासून दहा मिनिटांवर, कायमचं स्टेडियम बांधलं तर?’

ते बराच वेळ पंख्याकडे पाहत राहिले. मग गठ्ठ्याचे रबर ताणून सोडत म्हणाले, ‘दहा मिनिटं? अहो, संध्याकाळी सहाला डेल मेब्री रस्त्यानं तुम्ही कधी गेला आहात का?’ आणि हा विषय आपल्या बाजूने निकालात निघाल्याच्या समाधानाने खुर्ची माझ्याकडे ओढून, तिसऱ्या बेसच्या कोचबद्दल माझे प्रामाणिक मत काय आहे, असे त्यांनी मला विचारले.