पिल्लाचा सातबारा

भोर-वेल्ह्याकडे कुत्र्याला घर असतं, पण ते घराच्या बाहेर. पायरीपासून उकिरड्यापर्यंतची जागा त्याची, उंबऱ्याच्या आत त्याचं काम नाही. भाकरीचा तुकडा पायरीवर मिळतो, रात्रीचं भुंकणं अंगणात होतं, आणि बाकीचे विधी आपल्या नाहीतर शेजाऱ्याच्या परड्यात उरकतात. त्यामुळे शी-शू कुठं करायची हे कुत्र्याला शिकवावं लागतं, असं पिढ्यानपिढ्या कुणाच्या मनातही आलं नाही. एखादं पिल्लू चुकून ओटीवर चढलं आणि ओलं करून गेलं, तर चुलीतली मूठभर राख टाकायची, खरवडायचं आणि वरून शेणाचा हात फिरवायचा. जमीन मुळातच शेणानं सारवलेली. तिनंही कधी मनाला लावून घेतलं नाही.

भानगड सुरू झाली ती फरशीपासून. आता पार तोरण्याच्या पायथ्यापर्यंत चकचकीत पांढऱ्या टाइल्स पोचल्या आहेत. त्यांच्यावर पाण्याचा थेंब पडला तरी ट्यूबलाइटच्या उजेडात तो लांबून दिसतो, मग पिल्लाची कामगिरी तर ओटीवरून स्वयंपाकघरापर्यंत दिसणार. परडं जाऊन तिथं गाडी उभी राहायला लागली आणि कुत्रं पायरी चढून आत आलं, हे दोन्ही साधारण एकाच सुमारास झालं. म्हणजे त्याची हक्काची जागा आपण घेतली आणि आपल्या जागेत त्याला बोलावलं. करार कसलाच केला नाही.

आमच्याकडे भुऱ्या आला तो टोमॅटोच्या क्रेटमधून, खाली गोणपाट, वर जुना टॉवेल. पुतण्याला हे पसंत पडलं नाही. तो पुण्याला नोकरीला असतो आणि कुत्र्यांविषयी त्याचा अभ्यास आहे. पुढच्या शनिवारी तो घडीचा लोखंडी पिंजरा घेऊन आला. पिंजरा ओटीवर उघडताना जो खणखणाट झाला त्यानं आळी गोळा झाली. “एवढंसं लेकरू, काय गुन्हा केला त्यानं?” असं एका काकूंनी विचारलं. दुसरे एक काका म्हणाले, बिबट्याला लावायला वन खात्यानं दिला असेल.

बिबट्याची थट्टा आमच्याकडे अर्ध्यावर थांबते. त्याच आठवड्यात आत्या आली होती. तिचं गाव वेल्हे तालुक्यात, गुंजवणीच्या खोऱ्यात. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण आत्या वेल्हंच म्हणते. तिनं पिंजऱ्याभोवती एक फेरी मारली, दाराची कडी दोनदा लावून पाहिली आणि म्हणाली, “आमच्यात डालगं झाकत्यात.”

डालगं म्हणजे बांबूच्या कामट्यांची ती मोठी गोल टोपली, जिच्याखाली कोंबड्या झाकतात. नवं पिल्लू आणलं की रात्री त्याच्यावर डालगं पालथं घालायचं आणि वर एक दगड ठेवायचा. पिल्लू पहिल्या रात्री रडतं, दुसऱ्या रात्री कुरकुरतं आणि मग झोपायला लागतं. यामागे लाड नाहीत, बिबट्या आहे. बिबट्याला कुत्रं किती आवडतं याचा हिशोबही झालेला आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास करून २०१४ साली तो प्रसिद्ध केला. तिथल्या बिबट्यांच्या खाण्यात वजनाच्या मानानं सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के. शेळ्या त्यांच्या बऱ्याच मागे. आत्याला ही टक्केवारी सांगितली तेव्हा ती म्हणाली, शेळी गोठ्यात असते, कुत्रं अंगणात असतं, यात मोजायचं काय?

पण तिनं पुढं जे सांगितलं ते पुतण्यानं पाहिलेल्या सगळ्या व्हिडिओंचं सार होतं. “डालग्याखाली पिल्लू घाण करत न्हाई. सकाळी उचललं की बांधाकडं पळतंय. तितनं आणायला गेलं नाही म्हंजे झालं.”

यात चमत्कार काही नाही. जन्मल्यावर दोन-तीन आठवडे पिल्लाला स्वतःहून शी-शूसुद्धा होत नाही, आई चाटते तेव्हा होते, आणि आईच ते साफ करते. जागा कोरडी राहते. पाय फुटले, जरा चालता यायला लागलं, की पिल्लं आपण होऊन झोपायच्या जागेपासून चार पावलं लांब जाऊन बसतात. म्हणजे भुऱ्या आमच्याकडे आला तेव्हा शिकूनच आला होता. झोपायच्या जागेत घाण करायची नाही, बाहेर करायची, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आमचा त्याचा वाद तत्त्वाचा नव्हताच, क्षेत्रफळाचा होता. त्याच्या सातबाऱ्यावर फक्त गोणपाट होतं. बैठकीची खोली, माजघर, देवघरासमोरची जागा हे सगळं त्याच्या लेखी गायरान.

पुतण्यानं आणलेला पिंजरा चांगल्या थोराड कुत्र्याच्या मापाचा होता, वाढत्या अंगाचा म्हणून. वाढत्या अंगाचे कपडे चालतात, पिंजरा चालत नाही. भुऱ्यानं पहिल्याच रात्री आतली पाहणी केली, उजव्या कोपऱ्यात अंथरूण मांडलं आणि डाव्या कोपऱ्यात बाथरूम. पुण्यात ज्याला वन बीएचके म्हणतात ते त्यानं तिथल्या तिथं पाडून घेतलं. पिल्लाला उभं राहता येईल, गिरकी घेता येईल आणि पाय ताणून झोपता येईल, एवढीच जागा हवी. मग मधे जुना कॅरम बोर्ड उभा घातला. त्याची सोंगट्यांची एक जाळी फाटली होती, तिच्यातून भुऱ्या एक डोळा लावून पलीकडची गेलेली जमीन पाहत बसे.

पिंजऱ्याचं काम एवढंच आहे, घर इतकं लहान करायचं की पिल्लाला ते सगळं आपलं वाटावं. मग हळूहळू हद्द वाढवायची. आधी पिंजरा, मग पिंजऱ्यासमोरची चटई, मग ओटी. जिथं पिल्लू जेवतं, लोळतं, खेळतं, ती जागा त्याच्या नावावर चढते. एकेका खोलीचा फेरफार वेगळा. तलाठ्याकडे जितका वेळ लागतो तितका लागत नाही, पण घाईही चालत नाही. आणि दार लावून दिवसभर कोंडून ठेवणं ही गोष्ट निराळी, तिला शिकवणं म्हणत नाहीत. पिल्लाच्या मूत्राशयाचा ढोबळ हिशोब असा, की जितके महिने वय तितके तास, फार तर एखादा वर. दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांनी बाहेर न्यायचं, शिवाय झोपून उठल्यावर, खाऊन झाल्यावर आणि दंगा करून झाल्यावर. आमच्याकडे हे वेळापत्रक आईनं कुणी न सांगता सांभाळलं. तिनं चार पोरं वाढवली आहेत, डायपरच्या आधीच्या काळात.

एकदा ही क्षेत्रफळाची गोष्ट डोक्यात शिरली की ती जिकडंतिकडं दिसायला लागते. पावसाळ्यात रविवारी वरंध घाटात उभं राहून पाहावं. गाड्या इतक्या स्वच्छ की आत पाय ठेवायला संकोच वाटावा. डॅशबोर्डवर गणपती, शेजारी वासाची बाटली. आणि काच चार बोटं खाली येते, चिप्सचं रिकामं पाकीट बाहेर येतं, काच वर जाते. यांचं घर काचेपर्यंत. आमच्याच आळीत सकाळी अंगण इतकं लखलखीत झाडलं जातं की कौतुक वाटावं, आणि तो कचरा बरोबर शेजाऱ्याच्या हद्दीपाशी नेऊन थांबवला जातो. राजगडाच्या वाटेवरची कुत्री बिस्किटाच्या आशेनं लोकांबरोबर पार पद्मावती माचीपर्यंत चढतात. कुत्रं बिस्किट खातं, पुडा कोण टाकतं हे गडाला ठाऊक आहे.

शिक्षेबद्दल आळीत एकमत होतं. “नाक घास त्यात, परत करायचा नाही,” हे मला अनेकांनी सांगितलं. त्यांतल्या निम्म्यांच्या घरची कुत्री अजूनही मोटारसायकलच्या चाकावर कार्यक्रम करतात. घडून गेलेल्या गोष्टीचा मार पिल्लाला समजत नाही. त्याला एवढंच कळतं की माणसासमोर शू केली की माणूस बिथरतो. मग ते माणसासमोर करायचं सोडतं आणि तांदळाच्या कोठीमागे करतं. आणि इंद्रायणी तांदळाच्या वासात मिसळलेला तो वास शोधून काढायला माणसाचं नाक पुरत नाही.

महाभारताची कथा ज्यांना कुरुक्षेत्रापासून आठवते त्यांनी आदिपर्व उघडावं. जनमेजयाचं सत्र चालू आहे, तिथं सरमा नावाच्या कुत्रीचं पिल्लू येतं आणि जनमेजयाचे भाऊ त्याला झोडपतात. पिल्लू रडत आईकडे जातं. तू काहीतरी केलं असशील, आई म्हणते, आणि ते सांगतं, हविष्याकडे मी पाहिलं नाही, चाटलंही नाही. सरमा तडक यज्ञात जाऊन जाब विचारते. राजाकडे उत्तर नसतं, तेव्हा ती शाप देते, न दिसणारं भय तुझ्यावर येईल. तो राजा एवढा घाबरतो की शापाचं निवारण करणारा पुरोहित शोधत हिंडतो. एवढ्या मोठ्या ग्रंथात पिल्लाची तक्रार इतक्या सुरुवातीला नोंदवलेली आहे, तरी आम्ही नाक घासा म्हणतो.

फिनेलवरही माझा विश्वास उरलेला नाही. फिनेलनं माणसाचं समाधान होतं. टाइल्सच्या सांध्यांत मुरलेला वास कुत्र्याच्या नाकाला फिनेलच्या खालूनही येतो आणि ते त्याच जागी परत बसतं, कारण वास सांगतो की जागा ठरलेली आहे. पाण्यात कालवलेलं व्हिनेगर बरं, नाहीतर त्यासाठीच मिळणारी एन्झाइमची बाटली. चुलीतली राख टाइलवर चालत नाही, पण बाहेर, जिथं करावं असं वाटतं तिथं, जुन्या वासाचा कपडा नेऊन टाकला की पिल्लाला पत्ता सापडतो. ते बसलं की तिथल्या तिथं, घरात यायच्या आत, खाऊ. उशिरा दिलेला खाऊ उशिरा दिलेल्या माराइतकाच वाया.

हे सगळं उन्हाळ्यात सोपं. भुऱ्या आला आषाढात. आमच्याकडचा पाऊस दिवसाचे तास पाहत नाही, आणि पिल्लाचं मूत्राशयही पाहत नाही. रात्री अडीच-तीनला पिंजऱ्यातून बारीक कुईं यायची. छत्री, बॅटरी, काठी घेऊन बाहेर पडायचं. काठी बिबट्यासाठी, तिचा उपयोग काय, हे बिबट्यालाच माहीत. भुऱ्या पायरीवर उभा राहून पावसाकडे पाहायचा आणि माझ्याकडे पाहायचा, जणू मीच तो पाडतोय. मग छत्री त्याच्यावर धरायची आणि आपण भिजायचं. तो चार पावलं जाणार, वास घेणार, गोल फिरणार, थांबणार, पुन्हा उलटा गोल फिरणार. भाटघर धरण भरून त्याच्या ४५ स्वयंचलित दरवाजांतून पाणी सुटल्याची बातमी आली, त्या रात्री मी एकच दरवाजा उघडायची वाट पाहत जास्वंदीजवळ उभा होतो.

या गोल फिरण्यालाही शास्त्र आहे म्हणे. झेक आणि जर्मन संशोधकांनी ७० कुत्र्यांच्या १,८९३ शी आणि ५,५८२ शू दोन वर्षं होकायंत्र घेऊन नोंदवल्या. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असेल तेव्हा कुत्री उत्तर-दक्षिण दिशा धरून बसतात, असा निष्कर्ष त्यांनी २०१३ साली मांडला. पुढच्या वर्षी त्यांना इग नोबेल मिळालं. ते हसण्यावारी नेण्यासारखं असेल, पण आषाढातल्या पावसात छत्री धरून ज्यानं कुत्र्याची उत्तर दिशा सापडेपर्यंत कळ काढली आहे त्याला त्या संशोधकांबद्दल आदरच वाटेल. आईनं दिशेचं ऐकलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, म्हणजे दक्षिणेकडे तोंड केलं तरी चालतं का?

श्रावण संपेपर्यंत कॅरम बोर्ड निघाला. ओटी भुऱ्याच्या नावावर झाली, मग माजघर, मग स्वयंपाकघराची अर्धी बाजू, कारण उरलेल्या अर्ध्या बाजूला आई त्याला येऊ देत नाही. पिंजऱ्याचं दार आता उघडंच असतं. दुपारी घरात माणसं वाढली, मिक्सर लागला, की तो आपण होऊन आत जाऊन पडतो. काकूंनी गुन्ह्याबद्दल पुन्हा विचारलेलं नाही. त्यांच्या मुलानं लॅब्रेडॉर आणायचं ठरवल्यापासून पिंजरा रिकामा कधी होणार एवढंच त्या विचारतात.

गणपतीला पुण्याचे पाहुणे आले. पाहुण्यांची खोली उघडली, गादीवर नवी चादर घातली, त्यांच्या बॅगा आत नेऊन ठेवल्या. चहा होतोय तोवर भुऱ्या शांतपणे आत गेला, कोपऱ्यापर्यंत पोचला, गोल फिरला, पुन्हा उलटा गोल फिरला आणि निळ्या बॅगेशेजारी मोकळा झाला. पाहुण्यांसमोर पुतण्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. इतके दिवस एकही चूक नाही, असं तो नुकतंच त्यांना सांगत होता.

आई फडकं घेऊन आली. “त्याला कशाला बोलता?” ती म्हणाली. “वर्षातनं दोनदा कुलूप काढतो आपण त्या खोलीचं. त्याला पडीक वाटली असेल.”