झेरॉक्स काढलेली बरोबरची खूण

डॉक्टरसाहेब,


जुलैत तुम्ही आमच्या शाळेत मोफत दंततपासणी शिबिर घेतलंत, त्याबद्दल उशिरा का होईना, आभार. माझी मुलगी चौथीत. टूथपेस्टची इवलीशी ट्यूब आणि एक चिठ्ठी घेऊन घरी आली. चिठ्ठीवर 'ब्रेसेस आवश्यक' आणि पुढे बरोबरची खूण. मी आधी घाबरले, मग चष्मा लावला. नाव निळ्या बॉलपेनने लिहिलेलं. खूण मात्र काळी, झेरॉक्सची. तपासणीआधीच निदान! वैद्याला निदान नाडी तरी धरावी लागते. शेजारच्या पहिलीतल्या मुलाच्या चिठ्ठीवरही तीच खूण. त्याचे पुढचे दोन दात पडलेत, नवे यायचेत. तार कशाला बांधणार होतात, हिरडीला?

तरी आले मी तुमच्याकडे. आईचा जीव. पॅकेज चाळीस हजारांचं, संध्याकाळपर्यंत पैसे भरले तर तीस. साडीच्या सेलमध्येही मला एवढी घाई कोणी केली नव्हती. एक्स-रे? "नंतर बघू." दातांचा साचा? "लागला तर." तार कोण बसवणार? "आमचे सर येतात महिन्यातून एकदा." कोणते सर? "ते बदलत असतात." दात सरळ करण्यातला तज्ज्ञ व्हायला बीडीएसच्या पाच वर्षांवर ऑर्थोडॉन्टिक्समधल्या एमडीएसची आणखी तीन लागतात म्हणे. ती पदवी मी तुमच्या भिंतीवर शोधत होते, पण तिथे एका नटीचं हसू टांगलेलं होतं.

शेवटी रजा टाकून मुंबईतल्या सरकारी दंत महाविद्यालयात गेले. केसपेपर, रांग, अडीच तास. पण तिथल्या बाईंनी आधी पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला आणि उजेडासमोर धरून मुलीलाच दाखवला: हे बघ, तुझे सुळे अजून वर लपलेत. खाली उतरताना ते शेजारच्या दातांची मुळं रेटतात, म्हणून पुढच्या दातांत फट. दोन मिलिमीटरच्या आतली अशी फट अकराव्या-बाराव्या वर्षी सुळे उतरले की बहुधा आपोआप मिटते. तोवर फक्त दर सहा महिन्यांनी दाखवून जायचं. या वयाला त्यांच्या पुस्तकात 'अग्ली डकलिंग स्टेज' म्हणतात. तुम्ही बहुधा त्या पिल्लाचंही पॅकेज काढलं असतंत.

ज्यांचे वरचे दात खालच्यांच्या मागे बसतात, त्या मुलांनी मात्र थांबू नये, हेही त्याच बाईंनी सांगितलं. तुमच्या शिबिरात अशी एखाद-दोन मुलं नक्की असतील. त्यांच्या आईबापांनी शहाणपणाने चिठ्ठी केरात टाकली असेल, कारण सगळ्या वर्गाला एकच झेरॉक्स.

तुमच्या रिसेप्शनवरून अजून फोन येतात, ऑफर संपत आलीय म्हणून. कालचा मुलीने उचलला. ती त्या फटीतून शिट्टी वाजवायला शिकलीय. तुम्हाला ऐकू गेली असेलच.

आपली,
एक पालक, चौथी 'ब'