पहिल्या लिपीचा मान

पाचवीत इंग्रजी सुरू झालं तेव्हा मास्तरांनी सांगितलं, एबीसीडीची पहिली लिपी मोठी आणि दुसरी लहान. देवनागरीत असला भेदभाव नसल्यामुळे मी माझ्यापुरता अर्थ लावून घेतला: पहिली लिपी म्हणजे अहो-जाहो, दुसरी म्हणजे अरे-तुरे. इंग्रजीच्या पेपरात या समजुतीने मला कधी दगा दिला नाही. दिला तो युनिक्सवर.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेत मी 'कॉम्प्युटरवाले साहेब' म्हणून दाखल झालो. आतल्या खोलीत एक ३८६ मशीन, त्यावर स्को युनिक्स, आणि काउंटरवर तारांच्या टोकाला डंब टर्मिनल. नुसता पडदा आणि कीबोर्ड. डोकं सगळं आतल्या खोलीत. (संस्थेचा कारभारही तसाच चालायचा.) प्रत्येक तारेवर गेटी नावाचा प्रोग्रॅम बसवायचा. तो पडद्यावर 'लॉगिन' उमटवतो, नाव टाइप झालं की माणसाला पुढच्या प्रोग्रॅमच्या हवाली करतो. माणूस काम आटोपून बाहेर पडला, की इनिट नावाचा दुसरा प्रोग्रॅम त्या जागी नवा गेटी बसवतो.

स्को युनिक्समध्ये एकाच पोर्टला दोन नावं असतात: 'टीटीवाय एक ए', त्यातला ए लहान किंवा मोठा. टर्मिनल साक्षात रोखपालांचं, तेव्हा मी मानाने मोठा ए दिला. पडदा काळाठिक्कर. मोठा ए म्हणजे मोडेमची लाइन. पलीकडून कॅरियरचा सिग्नल येईपर्यंत गेटी तोंड उघडत नाही, हे मॅन्युअलात लिहिलेलं होतं. माझ्या केबलीत वायरी तीनच: पाठवायची, घ्यायची आणि ग्राउंड. सिग्नल येणार कुठून? पण मॅन्युअल वाचणं हे मला तेव्हा कमीपणाचं वाटे. मी काउंटरखाली उकिडवा बसून दोन नंबरच्या आणि तीन नंबरच्या पिनांची अदलाबदल करत होतो आणि वर खातेदार एकमेकांना विचारत होते, "साहेबांचं काय पडलंय?"

त्यातून सावरतोय तोच वसुलीच्या बाईंचं टर्मिनल बिघडलं. सगळा मजकूर मोठ्या अक्षरांत, आणि थकबाकीदारांच्या यादीत नावाच्या प्रत्येक अक्षराआधी एक तिरपी रेघ. १९९०च्या कर्जमाफीची हवा अजून ओसरली नव्हती. बाईंनी घाबरून विचारलं, "साहेब, सगळ्यांच्या नावावर काट मारलीत? माफ झालं का?"

मी कीबोर्ड बदलला, केबल बदलली, टर्मिनलही बदललं. रेघा जागच्या जागी. खरा प्रकार असा, की बाईंचं कॅप्स लॉक चालू राहिलं होतं. लॉगिनच्या नावात एकही लहान अक्षर नसलं, की गेटी समजतो, समोरच्या यंत्राला फक्त मोठीच अक्षरं येतात. युनिक्सचा जन्म १९६९ सालचा, बेल लॅब्जमधला. त्या काळच्या टेलिटाइप मॉडेल ३३ वर लहान अक्षरं नव्हतीच, म्हणून ही सोय. मग सगळंच मोठ्या अक्षरांत उमटतं, आणि मुळातच मोठं असलेलं अक्षर ओळखू यावं म्हणून त्याच्याआधी रेघ. आमची सगळी यादी मुळातच मोठ्या अक्षरांत भरलेली. भरणारा मीच, सभासदांचा मान!

बाई लॉगआउट करून जेवायला गेल्या, परत येऊन लहान अक्षरांत नाव घातलं आणि यादी स्वच्छ झाली. मी केबल बदलल्याचं बिल लावलं. ते मंजूरही झालं.

एवढ्यात अध्यक्ष अण्णांना 'लॉगिन' हा शब्द रुक्ष वाटू लागला. "माणूस दारात आला तर 'या, बसा' म्हणावं की नाही?" हा मजकूर गेटीडेफ्स नावाच्या फायलीत असतो. मी तिथे संस्थेचं नाव आणि 'सुस्वागतम्' घातलं, अर्थात पहिल्या लिपीत. अण्णा खूश. त्या भरात मी वरच्या मजल्यावरच्या नव्या मशीनलाही तेच स्वागत दिलं, दोन्ही मशीनं एका तारेने जोडली, दोन्ही टोकांना गेटी बसवला आणि घरी गेलो.

खालच्याने वरच्याला 'सुस्वागतम्' म्हटलं. वरच्याला वाटलं, हे कुणाचं तरी नाव. त्याने पासवर्ड विचारला. खालच्याला वाटलं, 'पासवर्ड' हेच पाहुण्याचं नाव. त्यानेही पासवर्ड विचारला. मांडवाच्या दारात दोन व्याह्यांनी एकमेकांना "आधी तुम्ही" करत रात्र काढावी, तसा हा सोहळा सकाळपर्यंत चालला. काउंटर उघडलं तेव्हा एकेक पासबुक निघायला युगं लागत होती.

ही फजिती माझ्या आधी पुष्कळांची झाली असावी. कारण युनिक्समध्ये यूयूगेटी नावाचा वेगळा प्रोग्रॅमच आहे. त्याला 'आर' हा पर्याय दिला, की समोरून एखादं अक्षर आल्याशिवाय तो स्वागताचा शब्द काढत नाही. मी सरळ वरच्या टोकाचा गेटी बंद केला. अण्णांनी कारण विचारलं. म्हटलं, दोघांपैकी एकानेच बोलायचं, दुसऱ्याने गप्प राहायचं. संचालक मंडळाच्या सभेतही हाच नियम असल्यामुळे त्यांना तो ताबडतोब पटला.