स्वभावाला औषध

जुन्या गाड्या बाळगणाऱ्या माणसांच्या तोंडी एक शब्द सारखा असतो: स्वभाव. थंडीच्या सकाळी गाडी ठसकली, बंद पडली, पुन्हा ठसकली, की म्हणायचं, "तिचा स्वभावच आहे तसा." पावसात डाव्या पायावर नेमाने थेंब पडतात, तोही स्वभाव. दुसऱ्या गिअरमध्ये जाताना कुरकुरते, स्वभाव. आणि स्वभावाला औषध नसतं हे तर आपल्याकडे सर्वमान्यच आहे. त्यामुळे पाना हातात घ्यावा लागत नाही आणि गाडीविषयी कौतुकाने बोलताही येतं.

माझी गाडी ट्रायम्फ स्पिटफायर, 1970च्या दशकातली. मी राहतो कॉव्हेंट्रीत आणि ही जन्मलीही इथेच, कॅनलीच्या कारखान्यात. तिचं सासर-माहेर एकच. 1962 ते 1980 या काळात तिच्या तीन लाखांहून जास्त बहिणी तिथून बाहेर पडल्या. रूप रेखलं जोवान्नी मिकेलॉत्ती या इटालियन माणसाने. पैशांअभावी तिचा पहिला नमुना कारखान्याच्या कोपऱ्यात झाकून पडला होता आणि 1961 मध्ये लेलँडने कंपनी विकत घेतल्यावर नव्या साहेबांना तो फिरता फिरता सापडला, अशी कथा इथे मोठ्या चवीने सांगतात. अंगावरचे कपडे इटालियन असले तरी आतलं बरंचसं सामान मात्र ट्रायम्फ हेरल्डचं. ही तीच हेरल्ड, जी आपल्याकडे मद्रासला 'स्टँडर्ड हेरल्ड' या नावाने तयार होत असे आणि डॉक्टर-वकिलांच्या फाटकात उभी दिसे.

पुण्याच्या आमच्या आत्याकडेही हेरल्ड होती. गेल्या उन्हाळ्यात आत्या आमच्याकडे राहायला आली. फोटोसाठी हौसेने ड्रायव्हरच्या जागेवर बसली. बसणं सोपं, उठणं कठीण, कारण स्पिटफायरची सीट जवळजवळ रस्त्यावरच असते. तिने स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरलं आणि उठायला जोर लावला. आत्या जागच्या जागी, स्टेअरिंग मात्र चांगलं बोटभर वर आलं.

"अरे, हे चाक हलतंय."

"आत्या, चाक हलायलाच असतं ना?"

"शहाणाच आहेस. फिरणं वेगळं आणि हलणं वेगळं. बुश गेलाय याचा. ह्यांच्या हेरल्डचाही गेला होता."

"तो तिचा जरा स्वभाव आहे गं."

"स्वभाव कसला डोंबलाचा! आमचे नाना आयुष्यभर तापट म्हणून गाजले. कवळी बदलून दिली तर नातवंडांना गोष्टी सांगायला लागले."

यावर काय बोलणार?

स्पिटफायरला खरा म्हणावा असा एक स्वभाव होता, पण तो मागच्या चाकांत. दोन्ही चाकं एकाच आडव्या पाटा-स्प्रिंगवर तोललेली. वेगात वळताना घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की बाहेरचं चाक अंगाखाली दुमडायचं आणि गाडीची शेपूट आधी पुढे निघायची. हा दोष आराखड्यातलाच, म्हणजे जन्मजात. तरी 1970च्या मार्क फोर मॉडेलमध्ये स्प्रिंगची घडण बदलली आणि गाडी बरीच ताळ्यावर आली. जन्मजात खोडीलाही औषध निघालं, तर झिजलेल्या बुशाला स्वभाव म्हणणं ही निव्वळ मालकाची सोय झाली.

या सोयीला इंग्लंडचा कायदाही हातभार लावतो. इथे गाडीची दरवर्षी एमओटी नावाची तपासणी होते. तपासनीस स्टेअरिंग धरून गदागदा हलवतो, ढिलेपणा जास्त असला तर नापास करतो. पण 2018 पासून चाळीस वर्षांवरच्या, फारशी मोडतोड न केलेल्या गाड्यांना ही परीक्षा माफ आहे. एवढी वर्षं टिकली त्या अर्थी मालक काळजी घेतच असणार, असा सरकारचा भाबडा समज असावा. तपासनीस गेला, आता आत्या यायची वाट पाहायची!

बुश म्हणजे काय, तर काळी, रबरी, पोकळ नळी, अंगठ्याएवढ्या उंचीची. स्टेअरिंगचा शाफ्ट एका लोखंडी नळीतून इंजिनाकडे जातो. त्या नळीत एक बुश वर, एक खाली, शाफ्टला मधोमध धरून ठेवायला. वरचा आधी जातो. रबर वयाने कडक होतं, आणि त्यात खोल सीटमधून उठणारा प्रत्येक जण आत्यासारखाच स्टेअरिंगवर भार टाकतो. दोन्ही बुश मिळून एका पिझ्झ्याच्या किमतीत येतात. मजुरी आपलीच, म्हणून तिचा हिशेब न केलेला बरा.

मदतीला हेन्सचं मॅन्युअल. ही पुस्तकमाला काढणारे जॉन हेन्स जन्मले सिलोनमध्ये, आणि मालिकेतलं पहिलं पुस्तक निघालं 1966 मध्ये, ऑस्टिन-हीली स्प्राइटवर. खोलण्याची कृती या पुस्तकांत क्रमवार, फोटोंसकट असते. जोडायची वेळ आली की एकच ओळ: वरील कृती उलट क्रमाने करा. पाककृतीत 'मीठ चवीनुसार' लिहिणाऱ्यांची आणि या मंडळींची ओळख असावी.

बॅटरीची तार काढली. स्पिटफायरचं बॉनेट मडगार्डांसकट अख्खं पुढे उलटतं, त्यामुळे टायरवर ऐसपैस बसून खालच्या जोडाचा बोल्ट सैल करता येतो. मग आत येऊन शाफ्ट वर ओढून घ्यायचा. खरी गंमत पुढे. बुशाच्या अंगावर दोन बोंडं असतात आणि ती बाहेरच्या नळीच्या दोन भोकांत अडकलेली असतात. स्क्रू ड्रायव्हरने एक बोंड आत दाबावं तर दुसरं ठाण मांडून बसतं. दुसरं दाबावं तर पहिलं परत येतं. जुना बुश शेवटी तुकड्यातुकड्यांनी बाहेर आला. आतलं गोल भोक झिजून लंबगोल झालं होतं. नवा भांड्यांच्या साबणाने बुळबुळीत केला, नळीत सारला, आणि भोकावर बोट ठेवून ढकलत राहिलो. बोंड बोटाला टोचलं तेव्हा घरातले सगळे धावत आले, इतक्या मोठ्याने मी ओरडलो. आनंदाने.

जोडताना एका ठिकाणी चेष्टा नाही. हा शाफ्ट दोन भागांचा, एकात एक सरकणारा आहे. धडक बसली तर दांडा छातीत न घुसता आखडावा म्हणून केलेली ही सोय हेरल्डमध्ये 1959 पासूनची. तिथला क्लॅम्प आणि खालच्या जोडाचा बोल्ट सांगितलेल्या मापानेच आवळायचा, अंदाजाने नाही.

आता स्टेअरिंग खांबासारखं स्थिर आहे. त्याची खडखड थांबल्यामुळे दाराच्या काचेची खडखड ऐकू येऊ लागली आहे. तिला अजून मी काही नाव दिलेलं नाही. फोनवर आत्याला बुशाचं सांगितलं, तर ती म्हणाली, "आणि पायावर पाणी गळतं त्याचं काय केलंस?"

तुमच्याकडे जुनी गाडी असेल, कोणतीही, तर आज एवढं करा. इंजिन बंद ठेवा, स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरा आणि न फिरवता वर-खाली, डावी-उजवीकडे हलवून बघा. टकटक झाली तर बहुधा बुश गेलाय, मागवा. फिरवताना मोकळं फिरत असेल आणि चाकं हलत नसतील, तर दोष बहुधा बुशाचा नाही, पुढच्या सांध्यांत किंवा चाकं वळवणाऱ्या यंत्रणेत आहे. मग गाडी तशीच उभी ठेवा आणि मेकॅनिकला घरी बोलवा.